पालिकेच्या भिंतीवरचं चित्र, जिन्यातला दगड: ठाणे-नवी मुंबईत स्वतः नोंद कशी करायची

महापालिकेत आपण जातो ते काम अडलं म्हणून. जन्माचा दाखला, प्रॉपर्टी टॅक्स, पाण्याचं बिल. सगळं लक्ष टोकन नंबरवर, त्यामुळे समोरच्या भिंतीवर काय टांगलंय, जिन्याच्या वळणावर कोणाचा अर्धपुतळा आहे, लिफ्टशेजारच्या काचेच्या कपाटात काय धूळ खात पडलंय याकडे कोणी बघतच नाही. आणि बघितलंच तरी खाली पाटी नसते. चित्र कोणी काढलं, पुतळा कधी बसवला, दगड कुठून आला, काही नाही. शिपायाला विचारा, "मी लागलो तेव्हापासून आहे" एवढंच सांगेल. हसू नका, हे उत्तर कामाचं आहे, तो कधी लागला ते विचारून घ्या, म्हणजे वस्तू निदान त्या सालापासून तिथे आहे एवढं तरी पक्कं झालं.

या वस्तूंना चोरापेक्षा जास्त भीती रंगकामाची. नूतनीकरण निघालं की काँट्रॅक्टरची माणसं भिंतीवरचं सगळं उतरवतात, तात्पुरतं म्हणून गोडाऊनमध्ये नेतात, मधे साहेबांची बदली होते, आणि नंतर परत काय कुठे लावायचं होतं ते कोणालाच आठवत नाही. म्हणून फोटो, माप, जागा, तारीख एवढी साधी नोंद जरी एखाद्या नागरिकाकडे असली तरी वस्तू कुठे गेली हे विचारता येतं. नोंदच नसेल तर विचारणार काय?

कोणाला वाटेल सरकारकडे कुठेतरी यादी असेलच. तर ऐका. पुराणवस्तू व कलानिधी कायदा 1972 चा आहे, 100 वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, शिल्प वगैरे पुराणवस्तूत मोडतं, हस्तलिखितांना 75 वर्षं पुरतात, आणि ठरावीक प्रकारच्या पुराणवस्तू खाजगी माणसाकडे असतील तर रजिस्टर कराव्या लागतात. पण त्याच कायद्यात सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या ऑफिसात, म्युझियममध्ये ठेवलेल्या वस्तूंना या रजिस्ट्रेशनमधून सूट आहे. म्हणजे तुमच्या आजोबांकडची दगडी मूर्ती सरकारदरबारी नोंदलेली असू शकते आणि पालिकेच्या पोर्चमधली नसू शकते. तिची नोंद सापडलीच तर पालिकेच्या स्वतःच्या रजिस्टरात, नाहीतर कुठेच नाही.

नोंदीने काय होतं त्याला आपल्याच गावाचं उदाहरण आहे. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आत्ताच्या सेंट्रल जेलमध्ये, पायाचं खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके 939 चा, म्हणजे इसवी सन 1017. तेव्हा कोणीतरी तो वाचून घेतला आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनाच्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापलं गेलं. म्हणून आज आपण हजार वर्षांपूर्वीच्या ठाण्याबद्दल बोलू शकतो. पत्रे कुठे आहेत यापेक्षा ते वाचून छापले होते हे जास्त उपयोगी पडलं.

आता कामाला लागू.

जायचं कधी, कुठे

ठाण्यात मुख्यालय पाचपाखाडीला, नवी मुंबईत बेलापूरला पामबीच रोडच्या टोकाला ती घुमटवाली इमारत, 2014 पासून कारभार तिथूनच चालतो. पण फक्त मुख्यालय बघून थांबू नका, जुना माल बहुतेक वेळा लहान ऑफिसात असतो. ठाण्यात प्रभाग समिती कार्यालयं, नवी मुंबईत विभाग कार्यालयं, दोन्हीकडे पालिकेच्या लायब्ररी, नाट्यगृहं, हॉस्पिटलं, शाळा. गडकरी रंगायतन 1978 चं आहे, म्हणजे ठाण्याची महानगरपालिका व्हायच्या (1 ऑक्टोबर 1982) आधीचं, आणि ठाण्याची नगरपालिका तर 1863 ची. त्यामुळे ठाण्यात एखाद्या वस्तूवर "ठाणे नगरपालिका" किंवा "नगरपरिषद" असं लिहिलेलं दिसलं तर समजायचं ही 82 च्या आधीची. नवी मुंबईत हा प्रकार नाही, ती महापालिका 1992 सालापासूनची, तिथे आधीचं जे काही असेल ते सिडकोचं (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) किंवा मूळ गावांचं.

वेळ दुपारी तीननंतरची बरी, गर्दी ओसरलेली असते. अभ्यागतांची वेळ गेटवर लिहिलेली असते ती बघा. जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी गेलात तर फायदा आणि तोटा दोन्ही, एरवी कपाटात असणारी प्रतिमा टेबलावर मांडलेली दिसते पण ती हाराखाली झाकलेली असते. आणि आचारसंहितेत जाऊ नका, कोनशिला आणि नावांचे बोर्ड कागद चिकटवून झाकलेले असतात.

सिक्युरिटीला आधी सांगा काय करताय. मोबाईल काढून सरळ फोटो मारायला लागलात तर अडवणारच, आणि त्यांचंही चूक नाही. जनसंपर्क विभागाला एक साधा अर्ज द्या, "इमारतीतील कलावस्तूंची छायाचित्रे अभ्यासासाठी घेऊ इच्छितो", आवकचा शिक्का मारलेली पोच खिशात ठेवा. ती दाखवली की निम्मे प्रश्न मिटतात. सोबत फूटपट्टी, मेजरिंग टेप, छोटा टॉर्च आणि वही. तेवढं बास.

बघायचं काय

कोनशिला सगळ्यात सोप्या. भूमिपूजनाची एक आणि लोकार्पणाची एक, दोन्हींचा फोटो घ्या, तारखांमधलं अंतर बघून इमारत किती रखडली होती ते कळतं, हा एक वेगळाच छंद आहे. महापौर आणि आयुक्तांच्या नावांचे बोर्डही घ्या, ठाण्यात पहिले महापौर सतीश प्रधान, नवी मुंबईत संजीव नाईक. पुढे एखाद्या चित्राखाली "महापौर अमुक यांच्या कारकिर्दीत" एवढंच लिहिलेलं असेल तर साल काढायला हाच बोर्ड उपयोगी पडतो.

तैलचित्रांना वेळ द्या. आधी हे ठरवा की हे खरंच तैलचित्र आहे की कॅनव्हासवर काढलेली प्रिंट. बाजूने तिरकं बघा, ब्रशचे फटके वर आलेले दिसले, रंगाची जाडी कमीजास्त असली तर हाताने काढलेलं. सगळीकडे सारखी चकाकी आणि जवळून बघितल्यावर बारीक ठिपके, तर प्रिंट. सही बहुतेक खालच्या उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात असते, कधी फ्रेमच्या पट्टीखाली निम्मी गेलेली असते. जुन्या चित्रकारांच्या सहीजवळ साल असतं आणि नावापुढे जी.डी.आर्ट (कलेची सरकारी पदविका) असंही लिहिलेलं सापडू शकतं. खरी माहिती मात्र मागच्या बाजूला असते, फ्रेमवाल्याचं लेबल, कोणी भेट दिलं, कधी. पण चित्र स्वतः उतरवू नका. कृपा करा, उतरवू नका. सुतळी कुजलेली असते, काच निसटते, आणि मग तुमच्या नावाने बोंब. रंगकामासाठी उतरवतील तेव्हा मागचा फोटो काढून द्या असं लेखी सांगून ठेवा.

चित्राची अवस्थाही लिहा. कॅनव्हास सैल पडलाय का, बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का, रंगाला भेगा पडल्यात का, वर एसीचं पाणी गळतं का, समोर खिडकी आहे का आणि दुपारचं ऊन थेट पडतं का. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतच ओली असते, त्यामुळे बाहेरच्या भिंतीवर लावलेलं चित्र आतल्या भिंतीवर हलवा एवढं सुचवलं तरी त्याचं आयुष्य वाढतं. चार आण्याचाही खर्च नाही, फक्त खिळा दुसरीकडे मारायचाय.

पुतळे आणि अर्धपुतळे. इथे फसवणूक नाही म्हणत मी, पण गैरसमज खूप आहे. सोनेरी-तपकिरी दिसतो म्हणून तो ब्राँझचा असतोच असं नाही, फायबरवर ब्राँझ कलर मारलेला असू शकतो, प्लास्टरही असू शकतं. बोटाच्या पेराने हळूच टिचकी मारा, धातू वाजतो, फायबर भद्द वाजतं. जिथे रंग उडालाय, टवका गेलाय तिथे आतलं पांढरं दिसलं तर विषय संपला. लोहचुंबक ब्राँझला चिकटत नाही. फायबरला पण चिकटत नाही हो, म्हणून नुसत्या चुंबकावर जाऊ नका, चिकटलाच तर एवढं कळतं की आत लोखंड आहे. शिल्पकाराचं नाव पुतळ्याच्या मागच्या बाजूला, खांद्याखाली किंवा बैठकीच्या कडेला कोरलेलं असतं, समोर जे नाव असतं ते अनावरण करणाऱ्याचं. मागे जायला जागा नसेल तर मोबाईल सेल्फी कॅमेऱ्यावर टाकून मागे सरकवा.

अलीकडच्या पुतळ्यांची माहिती कागदावर मिळते. राज्य सरकारचा पुतळ्यांबद्दलचा 2 मे 2017 चा शासन निर्णय आहे, त्यानुसार सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर परवानग्यांची फाईल लागते आणि मातीचं मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. म्हणजे शिल्पकार, उंची, धातू सगळं त्या फाईलमध्ये असतं, फक्त मागायला हवं.

आता दगड. ठाणे जिल्ह्यात तळी साफ करताना, रस्ता खोदताना, पाया काढताना शिलाहारकाळातले दगड निघत आलेत, मग ते कुठल्या देवळाच्या पारावर नाहीतर सरकारी आवारात झाडाखाली उभे केले जातात. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, असेल तर त्याचे आडवे कप्पे पाडलेले असतात, खालून वर बघत जायचं: तळाला लढाई किंवा पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर कलश किंवा सूर्य-चंद्र. गद्धेगाळ वेगळा. वर सूर्य-चंद्र, मधे लेख आणि खाली गाढव आणि बाई. दानाचा हुकूम कोणी मोडला तर त्याला दिलेली ती शिवी आहे, हजार वर्षांपूर्वीची सरकारी नोटीस म्हणा. लाजून दगड भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असतो कधीकधी, तर मागची बाजूही बघत जा.

अक्षरं वाचायला पीठ, खडू, तेल काही काही लावायचं नाही. अंधार करा, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरका उजेड मारा, झिजलेलं अक्षर सावलीमुळे वर येतं. चारही बाजूंनी उजेड फिरवत प्रत्येक वेळी फोटो घ्या. तुम्हाला वाचता नाही आलं तरी जाणकार फोटोवरून वाचतो. शक सापडला तर त्यात 78 मिळवा (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79), विक्रम संवत असेल तर साधारण 57 वजा करा. दगडाला ऑइल पेंट लावलेला असेल तर तशी नोंद करा आणि खरवडायला जाऊ नका.

सभागृहात शिरायला मिळालं, ठाण्यात ते नरेंद्र बल्लाळ सभागृह, तर महापौरांसमोर ठेवतात तो राजदंड बघून या. महासभेत गोंधळ झाला की राजदंड पळवायची प्रथा आपल्याकडच्या सगळ्याच पालिकांत आहे, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. एवढ्या झटापटी खाल्लेली वस्तू कोणत्या धातूची, कोणी बनवली, आधीचा होता तो कुठे गेला हे सचिव कार्यालयात विचारा. मला तर वाटतं तो निवृत्त करून काचेत ठेवायला हवा आणि भांडायला डुप्लिकेट द्यायला हवा.

राहिली वारली चित्रं. ठाण्या-नवी मुंबईत सरकारी भिंत मोकळी दिसली की त्यावर वारली येतंच, आणि यायलाच हवं, ही कला याच पट्ट्यातली, पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती याच चित्रांसाठी. पण स्वच्छतेच्या सर्वेक्षणाआधी घाईघाईत काँट्रॅक्टरने स्टेन्सिल मारून केलेलं वारली आणि पाड्यावरच्या कलाकाराने काढलेलं वारली यात फरक आहे. स्टेन्सिलमध्ये सगळी माणसं एकाच मापाची, तीच तीच परत येतात. हाताने काढलेल्या तारप्याच्या नाचात प्रत्येकाची कंबर वेगळी वळलेली असते, कडेला कुठेतरी मुंग्या, कोंबडी, ताडावर चढलेला माणूस असं काहीतरी दिसतंच. सही शोधा. नसेल तर बिल शोधा, कारण कलाकाराचं नाव बिलात तरी असतं, नाहीतर तिथेही काँट्रॅक्टरचंच. भिंतीवरची चित्रं दर एक-दोन वर्षांनी पुसली जातात म्हणून फोटोवर तारीख हवीच हवी.

कागद मागायचा

पालिकेत खुर्ची, टेबल, पंखा, कपाट याची जी नोंदवही असते तिला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात, ऑफिसात सगळे डेडस्टॉक रजिस्टरच म्हणतात. कलावस्तू असल्याच तर त्यातच, पंखा आणि स्टुलाच्या मधे, "फोटो फ्रेम मोठी, नग 1" अशा थाटात. आणि वस्तू मोडीत काढली की त्याला निर्लेखन म्हणतात. हे दोन शब्द अर्जात असले की समोरच्याला कळतं की बाई किंवा बाबा माहिती काढून आलेत.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. "का" विचारायचं नाही, कागद मागायचा. साधारण असं लिहा:

"मुख्यालय इमारतीतील पुतळे, अर्धपुतळे, तैलचित्रे, शिल्पे, शिलालेख व स्मृतिचिन्हे यांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतील नोंदींच्या छायांकित प्रती. यापैकी मागील 10 वर्षांत निर्लेखित केलेल्या वस्तूंची यादी व मंजुरी आदेशाची प्रत. इमारतीच्या मागील नूतनीकरणावेळी हलवलेल्या वस्तूंची यादी व सध्याचे ठिकाण दर्शवणारी कागदपत्रे. प्रती घेण्यापूर्वी मूळ अभिलेखांचे अवलोकन करू इच्छितो."

अवलोकनाची ओळ नक्की टाका. समोर बसून रजिस्टर चाळताना जे सापडतं ते झेरॉक्समध्ये कधीच येत नाही. प्रतीचे पानाला 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. चुकून भलत्या कार्यालयाला अर्ज गेला तर 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर आहे, तरी आधी मालक कोण ते बघून घेतलेलं बरं. ठाण्यात जेल, कलेक्टर ऑफिस, रेल्वे स्टेशन हे पालिकेचं नाही. नवी मुंबईत चौकातलं शिल्प सिडकोने बसवून नंतर पालिकेकडे हस्तांतरित केलेलं असू शकतं, तेव्हा हस्तांतरणाची यादी मागा. आणि खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांनो, तुमची पनवेल महापालिका, नवी मुंबईला अर्ज करू नका.

"माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर चिडू नका, फाईलला लावा. नोंद नाही याचा तो सरकारी पुरावाच आहे. त्याच्यासोबत तुमची यादी जोडून आयुक्तांच्या नावे अर्ज द्या, या वस्तूंची नोंद घ्या म्हणून. यादीत प्रत्येक वस्तूला नंबर, मजला, नेमकी जागा, माप सेंटिमीटरमध्ये, कशाची आहे, काय लिहिलंय ते जसंच्या तसं (चुकांसकट), अवस्था, फोटोचा नंबर. फोटोत एकदा फूटपट्टी ठेवून आणि एकदा नुसता. एक प्रिंट लायब्ररीत द्या, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, मोबाईलपेक्षा तिथे जास्त टिकेल.

फोटो ऑनलाइन टाकायचे असतील तर लोकांना खुल्या जागेतल्या कायमच्या पुतळ्याचा, शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. पेंटिंगला तशी नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणून चित्राचा मोठा फोटो जगजाहीर करण्याआधी त्यांच्या घरच्यांना विचारा, लोक आनंदाने हो म्हणतात आणि वर दोन गोष्टी सांगतात.

साफसफाई आणि दुरुस्ती

ही आपण करायची नाही, करून घ्यायची. चित्राला ओलं फडकं नको, पितळी पाटीला दर महिन्याला ब्रासो घासलं की अक्षरंच सपाट होतात, ब्राँझचा हिरवट-काळसर थर म्हणजे मळ नाही, तो घासून चकाचक करणं म्हणजे नुकसान. पत्रात नुसतं "स्वच्छ करा" लिहिलंत तर ते अक्षरशः पाईप लावून धुतील. "तज्ज्ञ संवर्धकाकडून पाहणी करून घ्यावी" असं लिहा, आणि कोणाकडून तेही सुचवा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संवर्धन विभाग आहे, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आहे, दगड जुना वाटत असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, ते सेंट जॉर्ज किल्ल्यात बसतं. जमिनीतून नवीन काही निघालं तर गोष्ट वेगळी, 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, गाडीत घालून पालिकेच्या बागेत नेऊन ठेवणं बरोबर नाही.

शेवटचं काम कंटाळवाणं पण सगळ्यात उपयोगाचं. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदांच्या साईटवर महिन्यातून एकदा तुमच्या पालिकेचं नाव टाकून "नूतनीकरण", "रंगकाम", "अंतर्गत सजावट" हे शब्द शोधत जा. तुमच्या यादीतली इमारत दिसली की लगेच बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या, आवक शिक्क्यासह: सोबतच्या यादीतील वस्तू उतरवण्यापूर्वी पंचनामा व छायाचित्रण करावे, गोदामाचा पत्ता लेखी द्यावा, काम झाल्यावर त्याच जागी बसवाव्यात आणि ही अट वर्क ऑर्डरमध्ये घालावी. वर्क ऑर्डर निघाल्यावर दिलेल्या पत्राला कोणी विचारत नाही, त्याआधी द्या.